मौनाचा हंडा

एका गावात एक तांबट राहत असे. त्याचे पूर्ण नाव विसाजी कोंडाजी पिंपळे आणि वय अठ्ठावन्न वर्षे. गावात तांब्याची भांडी घडवणारा एकच मोठा कारखाना होता आणि विसाजी त्याचा नाईक होता. कामाची वाटणी त्याने करावी, तंट्याचा निवाडा त्याने द्यावा आणि त्याचा शब्द अखेरचा मानावा, अशी तेथील रीत होती. विसाजी न्यायी म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. आपण न्यायी आहोत हे त्याला स्वतःलाही ठाऊक होते, आणि या गोष्टीचे मूळ तेथेच आहे.

त्या कारखान्यात हातोड्यांचा आवाज दिवसभर खंडत नसे. कारागीर भाकरी खायलासुद्धा पाळीपाळीने उठत. सायंकाळी हातोडे थांबत तेही एकेक करून, ओळीतले दिवे एकामागून एक मालवावेत तसे. सगळे हातोडे एकदम थांबण्याचा प्रसंग एकच. कारखान्यातला कोणी मरण पावला, म्हणजे आढ्याला टांगलेल्या एका जुन्या पालथ्या हंड्यावर नाईक लाकडी मोगरीचा एक ठोका मारी. त्या हंड्याचा नाद इतका खोल होता की तेवढ्या गदारोळातही तो नेमका कानात शिरे आणि उचललेला हात उचललेलाच राही. त्याला मौनाचा हंडा म्हणत. मुडदा नसताना हंडा वाजवला, तर हंडा आपला मुडदा मागून घेतो, असे जुनी माणसे सांगत. कोणी तसे करून पाहिले नव्हते.

दुसरी रीत निवाड्याची होती. 'कानी पडेल तेवढेच खरे.' डोळ्यांना भास होतो, मनाला संशय येतो, म्हणून दोघांनी आपल्या कानांनी ऐकले असेल तेवढेच नाईकाने धरावे, असा तिचा अर्थ. नियम चांगला होता. जेथे कोणाला कोणाचे काही ऐकू येत नाही अशा जागेसाठी तो केला होता, एवढाच त्यात दोष होता. आणि तो दोष इतक्या पिढ्यांत कोणाच्या ध्यानी आला नव्हता.

कारखान्याच्या पडवीत द्वारका नावाची बाई भांडी उजळण्याचे काम करी. तिचा नवरा वारला होता. घरी आंधळा बाप होता, लुमाजी. त्याने उमेदीत याच कारखान्यात भाता ओढला होता. द्वारका चिंचेचा कोळ घेऊन भांडे घासू लागली की तांबे उगवत्या सूर्यासारखे लाल होई. पण भांड्याला चीर असेल, तर तीही त्याच कोळाने काळी होऊन उठे. अशा वेळी द्वारकेने काही बोलायचे नसे. भांडे घडवणाऱ्याच्या पुढ्यात ते पालथे ठेवायचे आणि त्याने ते मुकाट्याने मोडून पुन्हा घडवायचे, असा शिरस्ता होता. पालथे भांडे हा कोणी अपमान मानीत नसे.

हैबतीने मात्र तो मानला.

हैबती हा कारखान्यातला सर्वांत तरबेज कारागीर. भांड्याच्या अंगावर हातोडीने खवल्यांसारखे ठसे उठवण्याच्या कामाला मठार म्हणतात. हैबतीच्या मठारासाठी लांबलांबची गिऱ्हाइके येत. एके दिवशी त्याच्या घंगाळाच्या बुडाशी केसासारखी काळी रेघ उमटली. द्वारकेने रिवाजाप्रमाणे ते त्याच्या पुढ्यात पालथे ठेवले. सगळ्यांनी पाहिले. हैबतीने घंगाळ उचलले आणि तो हसला. त्या हसण्यात दात होते, डोळे नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी द्वारका विसाजीच्या घरी आली. तिचे हात चिंचेने पांढुरके पडले होते.

"नाईक, हैबती मला धमकावतो."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, माझं भांडं पुन्हा पालथं पडलं तर तू उभी राहणार नाहीस. घासायला बसले की मागून येतो, कानाशी वाकतो आणि बोलतो. बोलून झालं की माझ्या समोरच्या भांड्यात बघून केस नीट करतो."

"आणखी कोणी ऐकलं?"

"त्या आवाजात? नाईक, तिथं माझा मला खोकला ऐकू येत नाही."

"मग तुला बरं ऐकू आलं!" विसाजी म्हणाला.

हे बोलताना आपण चतुर प्रश्न विचारला, असे त्याला वाटले.  द्वारका म्हणाली, "कानाला तोंड लावल्यावर ऐकू येतं, नाईक. तुमच्या कानाला त्यानं अजून लावलेलं नाही." आणि ती निघून गेली.

विसाजीने हैबतीला बोलावून विचारले. हैबतीने दोन्ही हात जोडले. "मी आणि धमकी? नाईक, मी तर त्या बाईला ताई म्हणतो. विचारा कोणालाही." विसाजीने कोणालाही विचारले. कोणीही काही ऐकले नव्हते. प्रकरण मिटले असे विसाजीने जाहीर केले, आणि नियमाला धरून वागल्याचे समाधान त्याने त्या रात्री उशाशी घेतले.

पण प्रकरण मिटले नव्हते. ते नुसते बोलायचे थांबले होते.

द्वारकेकडे उजळायला येणाऱ्या भांड्यांत आता रोज एका भांड्याच्या आत, अगदी बुडाशी, एक ठसा सापडू लागला. मठार नेहमी बाहेरून घालतात. हा घाव आतून घातलेला असे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, पापणी नसलेल्या डोळ्यासारखा. ती घासू लागली की सगळे भांडे उजळे आणि तळातून तो डोळा तिच्याकडे पाही. भांडे कोणाचेही असो, डोळा तोच. ती तांब्याच्या जवळ वाकायला भिऊ लागली. ज्या बाईने जन्मभर भांड्यात आपले तोंड पाहिले, ती आता मान वळवून घासू लागली.

ही गोष्ट कारखान्यात पसरली. तेथील भिंतीवर कारखाना काढणाऱ्या मूळपुरुषाचा हातोडा टांगलेला होता. त्याला शेंदूर लावलेला असे आणि कोणी हात लावीत नसे. कोणीतरी म्हणाले, हे घाव त्या हातोड्याचे आहेत, मूळपुरुष कोपला आहे. ऐकणाऱ्यांना ते पटले. विसाजीलाही पटले, खरे म्हणजे त्याला ते पटवून घ्यायचे होते. कारण भुताचा बंदोबस्त करणे सोपे असते. त्याच्यापुढे नारळ फोडला की झाले. जिवंत माणसापुढे नारळ फोडून भागत नाही.

विसाजीने सायंकाळी नारळ फोडला. खोबरे वाटले. हैबतीने ते सर्वांत आधी हात पुढे करून घेतले.

सटवाजी नावाचा एक म्हातारा कारागीर तेथे होता. तो खोबरे चावत म्हणाला, "नाईक, मूळपुरुष मेल्यावर डाव्या हातानं घाव घालायला शिकले वाटतं! घाव डावखुरा दिसतो."

सगळ्या कारखान्यात डावखुरा एकटा हैबती होता. पण सटवाजीला थट्टेची खोड आहे, असे म्हणून विसाजीने ते सोडून दिले. तरी जाता जाता त्याची नजर भिंतीवर गेली. मूळपुरुषाच्या हातोड्यापासून खुंटीपर्यंत कोळ्याचे एक जुने जाळे ताणलेले होते. त्याचा एक धागाही तुटलेला नव्हता. तो हातोडा कित्येक महिन्यांत जागचा हलला नव्हता. विसाजीने ते जाळे पाहिले. नीट पाहिले. आणि मग जणू काही पाहिलेच नाही अशा रीतीने तो तेथून निघून गेला.

पुढे एका सकाळी द्वारका पुन्हा आली. या वेळी ती अगदी शांत होती. ते पाहून विसाजीला अधिक भय वाटले.

"नाईक, उद्यापासून मी येत नाही. भांडी दुसऱ्या कोणाला द्या."

"अगं, पण झालं काय?"

"काही झालं नाही. बाबा म्हणतात, रोज दुपारी घरी कोणीतरी येतं. दार लोटून आत येतं आणि त्यांच्या समोर बसतं. बोलत नाही. श्वास तेवढा ऐकू येतो, आणि अंगाला तांब्याचा वास येतो. थोडा वेळ बसून उठून जातं." तिने मान वर केली. "यातलं तुमच्या कानी काय पडलं, नाईक? काहीच नाही. तो माणूस बोलतच नाही."

विसाजीने विचार केला की पोरगी घाबरली आहे, म्हाताऱ्याला भास होत असतील. बापाशीच बोलावे, तो तिची समजूत घालील. त्या दिवशी हैबती एका तातडीच्या कामाला जुंपलेला होता आणि भाकरीच्या पाळीलाही जागचा हलला नव्हता. भर दुपारी विसाजी एकटाच लुमाजीच्या घराकडे निघाला.

ऊन असे होते की गल्लीत कुत्रेदेखील नव्हते. कारखाना मागे पडला तसे हातोडे मंद होत गेले, पण थांबले मात्र नाहीत. कानाच्या आत कोणी हळूहळू ठोकत असावे तसे ते येत राहिले. लुमाजीचे दार नुसते लोटलेले होते. विसाजी आत शिरला. म्हातारा भिंतीला टेकून घोंगडीवर बसला होता. विसाजीने हाक मारायला तोंड उघडले, तोच लुमाजी बोलला.

"आलास? आज उशीर केलास."

विसाजी दारातच थबकला.

"बस," लुमाजी म्हणाला. "तुझी जागा तिथं आहे."

का कोण जाणे, विसाजी बसला. समोर जमिनीवर मातीत एक उथळ खळगा पडलेला होता. कोणीतरी रोज तेथेच बसत आले होते. विसाजी नेमका त्या खळग्यात बसला. म्हाताऱ्याची पांढरी बुबुळे त्याच्या तोंडाच्या थोडी वर रोखलेली होती. विसाजीला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. स्वतःच्या अंगाचा तांब्याचा वास येऊ लागला. आता बोलावे, असे त्याला वाटे, आणि जितका वेळ जाई तितके बोलणे अवघड होई. कारण आता तो बोलला असता, तर आतापर्यंत का बोलला नाही याचेही उत्तर द्यावे लागले असते.

"रोज मी विचारतो, आज पुन्हा विचारतो," लुमाजी म्हणाला. "मला मारायचं असलं तर मार. पण माझी पोर रात्री दाराला पाठ लावून बसते. तिला झोपू दे."

तेव्हा विसाजी कसाबसा म्हणाला, "लुमाजीबुवा, मी विसाजी. कारखान्याचा नाईक."

म्हाताऱ्याने कान त्याच्याकडे वळवला. मग त्याने विचारले, "रोज येतोस तो तूच?"

"नाही, बुवा. देवाशपथ नाही."

"पण कोण येतं ते तुला ठाऊक आहे."

विसाजी गप्प राहिला.

"ठाऊक आहे आणि गप्प आहेस," लुमाजी म्हणाला. "मी आंधळा, विसाजी. न बोलणारा माणूस समोर बसला, तर तो तू की तो, हे मला कशावरून कळावं?"

विसाजी उठला. दाराबाहेर येईपर्यंत त्याने श्वास रोखून धरला होता.

तो सरळ कारखान्यात गेला आणि हातोडे थांबल्यावर द्वारकेला म्हणाला, "अजून एक दिवस ये. उद्याचा दिवस. तुझ्या बापापाशी माझी बायको आणि माझा भाऊ बसतील. आणि उद्या हैबतीच्या भांड्याला चीर असली, तर ते पालथं ठेव."

"आणि तो आला म्हणजे?"

"येऊ दे. मी आढ्याखाली असेन."

द्वारकेने वर पाहिले. आढ्याला मौनाचा हंडा होता. "नाईक, मुडदा नसताना?" ती पुटपुटली. विसाजीने कमरेची मोगरी चाचपली. त्यालाही त्याच गोष्टीची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी कारखाना नेहमीसारखा दणाणत होता. हैबतीची एक परात उजळायला आली. तिला चीर होती. द्वारकेने ती उचलली, सर्वांच्या देखत चालत गेली आणि त्याच्या पुढ्यात पालथी ठेवून परत आपल्या जागी बसली. हैबती काही वेळ काम करीत राहिला. मग हातोडा हातात घेऊनच उठला आणि सावकाश पडवीकडे चालू लागला. वाटेत एकाचा खांदा त्याने प्रेमाने थोपटला.

विसाजी आढ्याखाली पाठमोरा उभा होता. मोगरी त्याच्या धोतराच्या घोळात होती. समोर एक नवे घंगाळ लटकत होते आणि त्याच्या लाल पोटात सगळी पडवी वाकडी होऊन उमटली होती. त्यात त्याला हैबती दिसला. घंगाळाच्या फुगीर अंगावर त्याचे शरीर लांबत गेले, डोके मोठे झाले, आणि ते डोके द्वारकेच्या कानाशी वाकले. तोंड उघडले. शब्द एकही नाही; नुसते उघडमीट करणारे तोंड, पाण्याखालच्या माशासारखे. इतके दिवस हेच चालले होते, सगळ्यांच्या पाठीमागे, सगळ्यांच्या समोर.

विसाजीने मोगरी उचलली. त्याच्या मनात आपली बायको येऊन गेली, भाऊ येऊन गेला, नातू येऊन गेला. हंडा यांपैकी कोणाला मागेल, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने ठोका मारला.

सगळे हातोडे हवेत थांबले.

आणि त्या शांततेत हैबतीचा आवाज एकटाच उघडा पडला. हातोड्यांवर मात करण्यासाठी तो ओरडत होता, आणि जीभ आवरण्याआधी वाक्य तोंडातून बाहेर पडून गेले होते.

"...तुझ्या आंधळ्या बापाच्या टकलावर आज मठार घालीन!"

कारखान्यात चोहीकडे हंडे, घंगाळे, तपेली टांगलेली होती. त्या सगळ्या पोकळ पोटांनी तो आवाज उचलला आणि परत दिला. घालीन, म्हणाला हंडा. घालीन, म्हणाले घंगाळ. दूर कोपऱ्यातले लहानसे तपेलेदेखील बारीक आवाजात तेच म्हणाले. हैबती गोल फिरून पाहू लागला, जणू त्याच्याच आवाजाची माणसे त्याला वेढून उभी होती. नाद विरेपर्यंत कोणी हललेसुद्धा नाही.

मग हैबती हसला. "थट्टा केली हो! ताईची थट्टा!"

सटवाजीने आपला हातोडा ऐरणीवर अलगद ठेवला. "हो का? मग पुन्हा सांग की, बाबा. आम्हीही हसू. कुठं हसायचं तेवढं दाखव."

कोणी हसले नाही. हैबती विसाजीकडे वळला. त्याचा आवाज आता हळू होता. "नाईक, मुडदा नसताना हंडा वाजवलास. आता तो मुडदा मागेल. तुझ्या घरचा मागेल."

 विसाजी पुढे झाला. "मागू दे," तो म्हणाला. "हंडा मागेल तेव्हा मागेल. तू तर आजच मागत होतास." आणि त्याने हैबतीच्या डाव्या हातातला हातोडा काढून घेतला. द्वारकेने पुढ्यातल्या भांड्याचे तोंड त्याच्याकडे केले. विसाजीने हातोड्याचे टोक तळातल्या डोळ्यावर टेकवले. किल्ली कुलुपात बसावी तसे ते बसले.

कारागिराला काढून टाकायचे असले, म्हणजे त्याचा हातोडा उंबऱ्याबाहेर ठेवीत. विसाजीने तसे केले नाही. "आपण याला उंबऱ्याबाहेर टाकला, तर हा द्वारकेच्या उंबऱ्यावर जाऊन बसेल," तो म्हणाला. सगळा कारखाना उठला, हैबतीला मधे घेऊन पाटलाच्या चावडीवर गेला, आणि जे ऐकले ते प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगितले. पाटलाने हैबतीच्या भाऊबंदांना बोलावून जामीन घेतला आणि त्याला गावाची शीव बंद केली.

त्यानंतर काही दिवस हैबती शिवेबाहेरच्या चिंचेखाली उभा राहिलेला दिसे. तो बोलत नसे, हलत नसे. नुसता गावाकडे तोंड करून उभा असे. पूर्वी त्याला असा उभा पाहिला असता तर लोकांनी मान खाली घातली असती. आता द्वारका घरी निघाली की तिच्याबरोबर दोघे चालत, आणि जो हैबतीला पाही तो मोठ्याने म्हणे, "हैबती उभा आहे." दुसरा म्हणे, "होय, मलाही दिसला." एके सायंकाळी चिंचेखाली नुसतीच सावली होती. मग तीही राहिली नाही.

विसाजी वर्षभर रोज सकाळी घरातल्या माणसांकडे एकदा पाहून मग कामाला निघे. हंड्याने कोणालाही मागितले नाही.

तेव्हापासून त्या कारखान्यात दोन गोष्टी बदलल्या. मोगरी नाईकाच्या कमरेला न राहता हंड्याशेजारच्या खुंटीवर, द्वारकेच्याही हाताला येईल अशी राहू लागली. आणि दिवसातून एकदा, भर कामात, कोणीही उठून हंड्यावर ठोका मारतो, सगळे हातोडे थांबतात, आणि त्या क्षणी कोण कोणाशी काय बोलत आहे ते सर्वांना ऐकू येते.

तात्पर्य: धमकी गोंगाटाच्या आडोशाला वाढते आणि चारचौघांच्या कानांवर पडताच खुजी होते, म्हणून ती एकट्याने सोसू नये. आणि ज्याच्या हाती मोगरी आहे, त्याने 'मला ऐकू आले नाही' असे म्हणू नये; कारण गप्प बसलेला न्यायी माणूस आणि गप्प बसलेला दुष्ट माणूस, यांतला भेद भ्यालेल्या माणसाला कळत नाही.